पायलोनिडल सायनस : छोट्या शस्त्रक्रियेचा पर्याय

बसताना माकडहाडाजवळ ठणका लागतो, अंतर्वस्त्रावर पू किंवा रक्ताचा डाग दिसतो. पण जागाच अशी की सांगण्याचा संकोच वाटतो. विशी-पंचविशीतील अनेक तरुण हे दुखणे मूळव्याध किंवा साधे केसतूड समजून महिनोन्महिने लपवतात. अनेकदा यामागे ‘पायलोनिडल सायनस’ हा विकार असतो. तो आटोपशीर असतानाच दाखवला, तर बऱ्याच रुग्णांवर केवळ स्थानिक भूल देऊन उपचार करता येतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

विकार कसा होतो?
लॅटिनमध्ये ‘पायलस’ म्हणजे केस आणि ‘नायडस’ म्हणजे घरटे. बोस्टनचे शल्यविशारद रिचर्ड हॉजेस यांनी १८८० मध्ये या विकाराला हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ८० हजार अमेरिकी सैनिकांना यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जीपमधून खडबडीत रस्त्यांवर होणाऱ्या प्रवासाशी त्याचा संबंध जोडला गेल्याने तो ‘जीपचा आजार’ म्हणूनही ओळखला गेला.

पूर्वी हा दोष जन्मजात मानला जाई. आता तो प्रामुख्याने नंतर उद्भवणारा मानतात. नितंबांमधील घडीत घाम, घर्षण व दाब यांमुळे केसांची छिद्रे रुंदावतात आणि सुटे केस मुळाकडून आत शिरतात. शरीर त्यांना परकीय वस्तू समजते. दाह होतो, त्वचेखाली पोकळी तयार होते आणि तिच्यात पू साचतो. पुरुष, अंगावर दाट केस असलेल्या व स्थूल व्यक्ती आणि तासन्तास बसून काम करणारे यांच्यात हे प्रमाण अधिक असते. भगंदराची नळी गुदमार्गाशी जोडलेली असते, तशी ही नसते. बहुतेक वेळा तज्ज्ञाच्या साध्या तपासणीतच निदान होते.

शस्त्रक्रियेचे स्वरूप
पूर्वीच्या रूढ पद्धतीत सारा भाग हाडापर्यंत खोलवर कापून काढला जाई. उघडी ठेवलेली जखम भरण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागत. अमेरिकेतील डॉ. जॉन बॅस्कम यांनी १९८० मध्ये वेगळी वाट दाखवली. विकाराचे मूळ मध्यरेषेवरील छिद्रांत असल्याने ती छिद्रे तेवढी काढावीत आणि पोकळी बाजूच्या छेदातून स्वच्छ करावी, असे त्यांनी मांडले. काढावयाचा प्रत्येक तुकडा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा असतो.

रुग्णाला पालथे झोपवून तेथील केस काढतात आणि त्वचा निर्जंतुक करतात. बारीक सुईने लिग्नोकेन टोचून भाग बधिर केला जातो. त्यात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळल्यास रक्तस्राव कमी होतो आणि भूल अधिक वेळ टिकते. टोचताना क्षणभर चुणचुणते. नंतर दाब जाणवतो, वेदना नाही. छिद्रे काढून आतील केस व दूषित पेशी खरवडल्या जातात. इस्रायलमधील डॉ. मोशे गिप्स व सहकाऱ्यांनी यासाठी गोल पात्याचे पंच वापरले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १,३५८ रुग्णांच्या अभ्यासात विकार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पहिल्या वर्षी ६.५ टक्के, तर दहा वर्षांत १६.२ टक्के आढळले.

मर्यादा कोणत्या?
ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही. ठणकणारे गळू झाले असेल, तर आधी पू काढून दाह शमू द्यावा लागतो. दूषित भागात भुलीचा परिणामही कमी होतो. अनेक फाटे फुटलेल्या किंवा वारंवार उलटलेल्या विकारात जखम मध्यरेषेपासून दूर आणून शिवणारी मोठी शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरते. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे आणि भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी यांची कल्पना डॉक्टरांना आधीच द्यावी.

नंतरची काळजी
बहुतेकांना काही दिवसांतच कामावर परतता येते. छोट्या जखमा साधारण तीन-चार आठवड्यांत भरतात. रोज पाण्याने जागा धुऊन कोरडी ठेवावी. जखमेत सुटे केस जाऊ देऊ नयेत, दर तासाला थोडे उठावे आणि धूम्रपान टाळावे, कारण त्याने जखम भरण्यास विलंब होतो. ताप, वाढती लाली किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

विकार पुन्हा उद्भवू शकतो, हे रुग्णाने आधीच जाणून घ्यावे. तथापि, छोट्या शस्त्रक्रियेनंतर गरज पडल्यास ती पुन्हा करता येते किंवा मोठ्या शस्त्रक्रियेचा मार्गही खुला राहतो. लपवण्यात गेलेले महिने मात्र पोकळीला नवे फाटे फोडतात आणि हा सोपा पर्याय हातचा जातो.