लिहिणे : आधी ओरखडा, मग अक्षर

तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महालात, काचेआडची ताडपत्रं वाकून बघा. अक्षरं शाईनं काढलेली नाहीत. लोखंडी टोकानं पान ओरखडून त्या चरांत काजळी भरली आहे. ‘लिहिणे’ ज्यातून आलं त्या ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ हाच: ओरखडणं, कोरणं.

जवळच बृहदीश्वर मंदिराच्या आवारात तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. तेव्हा जोत्यावरचे राजराज चोळाचे तमिळ लेख जवळपास आठशे वर्षांचे झाले होते. आपली ‘रेघ’ आली ‘रेखा’मधून, आणि ‘रेखा’ ही ‘लिख्’मधून आलेल्या ‘लेखा’चीच सख्खी बहीण. मग शिलालेख म्हणजे दुसरं काय? अक्षरशः काळ्या दगडावरची रेघ!