पाद्री मराठी शिकतात : सासष्टी ते बाणकोट



व्याख्यानमालेसाठी विचारणा झाली तेव्हा संयोजकांची अपेक्षा होती की डॉक्टर आहे तर पथ्यपाण्यावर बोलेल. त्यावर मी रोज सकाळ-संध्याकाळ बोलतोच, आणि ऐकणारे फारसे ऐकत नाहीत. म्हणून आज दुसरा विषय घेतला आहे. तो माझ्या हाती कसा लागला ते आधी सांगतो.

आम्ही मराठी बोलणारे दिगंबर जैन. आमच्याकडे भाद्रपदात दशलक्षण पर्व असते. श्वेतांबर मंडळींच्या पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, ते मी शेजारधर्म म्हणून अनेकदा ऐकले आहे. या कल्पसूत्राचे पहिले इंग्रजी भाषांतर कोणी केले याचा शोध घेताना एका स्कॉटिश पाद्रीचे नाव समोर आले : जॉन स्टीव्हन्सन. कल्पसूत्र आणि नवतत्त्व यांची त्याने केलेली भाषांतरे १८४८ साली लंडनला छापली गेली. नाव ओळखीचे वाटले, कारण याच माणसाने १८३३ साली मुंबईत मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. आमचा धर्म चुकीचा आहे असे मनाशी धरून जो माणूस जहाजातून उतरला, त्याने आमचे आगम वाचायला घ्यावेत याचे मला नवल वाटले. तो काय शिकवायला आला हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे. तो इथे शिकला कसा आणि त्याला शिकवले कोणी, याबद्दल मात्र फार थोडे सापडते. त्या चौकशीत मी मागे मागे जात थेट गोव्याला पोहोचलो.

थॉमस स्टीफन्स हे नाव ख्रिस्तपुराणामुळे आपल्याला ठाऊक आहे. त्या ग्रंथाचे गोडवे आपण शाळेत ऐकले. पण आपल्या डोळ्यांसमोर असतो तो ओव्या लिहिणारा वृद्ध फादर. मला आज तिशीतला स्टीफन्स पाहायचा आहे. इंग्लंडात विल्टशर परगण्यात जन्मलेला हा कॅथलिक तरुण. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना दिवस बरे नव्हते. १५७५ साली रोमला जाऊन तो जेझुइट संघात दाखल झाला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेले त्याचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. महिना उलटायच्या आत त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात समुद्र आहे, वारे आहेत, मासे-पक्षी आहेत. भाषेविषयी त्याच्याजवळ तेव्हा सांगण्यासारखे काही नव्हते.

त्याला पाठवले गेले सासष्टीत. ही गोव्याची सासष्टी, ठाण्याची साष्टी नव्हे. तो तिथे गेला तेव्हा गाव कसे होते हे लक्षात घ्यायला हवे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच, १५६७ च्या सुमारास, सासष्टीतली देवळे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी पाडली होती. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा नदीपलीकडे अंत्रुजात नेलेली होती. जे मागे राहिले त्यांतले पुष्कळ बाटले. पोथ्या घरात ठेवणे धोक्याचे झाले होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केले. अकबराच्या दरबारातून परत आलेला रुडॉल्फ आक्वाविवा त्यांपैकी एक. त्याचा सूड पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या म्होरक्यांना मारून घेतला. आपल्याच भागात घडलेला हा रक्तपात स्टीफन्सने पाहिला.

आणि त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५८३ ला, म्हणजे येऊन बरोबर चार वर्षे झाल्यावर, त्याने भावाला पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीची हकीकत आहे, आणि भाषेबद्दल काही वाक्येही आहेत. इथल्या भाषा अनेक आहेत, त्यांचा उच्चार कानाला वाईट लागत नाही, आणि त्यांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी मिळतीजुळती आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. इथली अक्षरे एकेका वर्णाची नसून व्यंजन-स्वर मिळून होतात, हेही त्याने टिपले. संस्कृत आणि ग्रीक-लॅटिनचे नाते विल्यम जोन्सने कलकत्त्यात मांडले ते १७८६ साली. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका शिकाऊ पाद्रीच्या कानाने ते ओळखले. कोणाच्या तरी तोंडून रोज ऐकल्याशिवाय हे कळत नाही. व्याकरणाचे छापील पुस्तक तेव्हा नव्हतेच.

मग तो शिकला कशावरून? इथे या व्याख्यानातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट येते. पोर्तुगालमध्ये ब्रागा नावाचे गाव आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ७७१, ७७२ आणि ७७३ या क्रमांकांची तीन हस्तलिखिते आहेत. लिपी रोमन, आत रामायण-महाभारतातल्या कथा गोव्याच्या गद्यात, आणि मराठी ओवीबद्ध रचना. सोळाव्या शतकातल्या जेझुइटांनी भाषा शिकण्यासाठी स्थानिक माणसांकडून या उतरवून घेतल्या असे अभ्यासक मानतात. त्यांतली एक रचना कृष्णदास शामाचे कृष्णचरित्र, १५२६ सालातले. कृष्णदास केळोशीचा, म्हणजे जिथून शांतादुर्गा हलवावी लागली त्याच गावचा. ज्या पोथ्या बाटलेल्या माणसाने घरात ठेवल्या तर शिक्षा, त्याच पोथ्या पाद्रींच्या वर्गात क्रमिक पुस्तके झाल्या. देवळे पाडणाऱ्यांच्या दप्तरात कृष्णकथा टिकून राहिली. हा हिशेब मला अजून लावता आलेला नाही, आणि त्यावर पटकन निकाल देणाऱ्यांचा मला जरा संशय येतो, मग ते कोणत्याही बाजूचे असोत.

या वह्यांवर लिहून देणाऱ्याचे नाव नाही. कोणीतरी एक माणूस बसला असेल. कदाचित नुकताच बाटलेला, कदाचित पोटासाठी आलेला. त्याने तोंडपाठ कथा सांगितली असेल आणि समोरच्या परक्याने ती आपल्या लिपीत लिहून घेतली असेल. ण आणि न, ळ आणि ल, ट आणि त : रोमन लिपीला हे भेद दाखवता येत नव्हते, त्यासाठी पुढे स्टीफन्सने आपली वेगळी रीत बसवली. कान तयार झाल्याशिवाय तीही बसवता आली नसती.

थोडे विषयांतर करतो. होमिओपॅथीत ‘दुखते’ एवढ्यावर औषध देता येत नाही. ठणकते, सलते, टोचते, चुरचुरते की शिवशिवते, हे विचारावे लागते. भोपाळात दवाखाना थाटला तेव्हा माझी ही सगळी शब्दसंपत्ती मराठीतली होती. बुंदेलखंडातून आलेली बाई सांगायची ‘पिरात है’, जुन्या शहरातले मियाँ म्हणायचे ‘टीस उठती है’. मटेरिया मेडिकात यांतले काहीच नव्हते. हे शब्द मला माझ्या पेशंटांनी शिकवले आणि वर फीही त्यांनीच दिली. परक्या भाषेत शिकाऊ माणूस किती अगतिक असतो हे मला त्यामुळे थोडेफार कळते. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे, हसला तर आपण चुकलो असे समजायचे.

स्टीफन्सकडे परत येऊ. ख्रिस्तपुराण राचोलला छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे गोव्यात आल्यावर सदतीस वर्षांनी. ग्रंथाच्या आरंभीच तो प्रसंग आहे : धर्मशिक्षणाच्या वर्गात एक ब्राह्मण उठून पाद्रीला विचारतो की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही? प्रश्न विचारणारा विद्यार्थी, पण उत्तर द्यायची पाळी आली ती शिक्षकावर. आणि उत्तर द्यायला शिक्षकाला त्या विद्यार्थ्याचीच ओवी घ्यावी लागली. स्वर्गाला वैकुंठ म्हणावे लागले. शुद्ध मराठी इथल्या साध्या माणसांना नीट कळणार नाही, म्हणून आपण ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, अशी कबुली त्याने प्रस्तावनेत दिली आहे. मराठीची आणि कोकणीची हद्द कुठे, या भांडणात मी शिरत नाही. गोव्याचे पाहुणे सभेत असले तर चहा गार होईल.

त्याची एक इच्छा मात्र राहून गेली. १६०८ साली त्याने रोमला संघाच्या मुख्यांना लिहिले की या देशाच्या भाषेत आणि या देशाच्याच लिपीत पुस्तके छापलेली पाहावीत असे मला कित्येक वर्षांपासून वाटते. अडचण ही की टाइपाचे साचे सहाशेच्या घरात जातात. पण ते दोनशेवर आणता येतील. परदेशी माणूस देवनागरीचे खिळे मोजत बसला होता! ते झाले नाही. ग्रंथ रोमन लिपीतच निघाला. १६१९ साली तो वारला. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण दियोगु रिबैरु आणि इतर पाद्रींनी वाढवून-सुधारून १६४० साली राचोललाच छापले. भारतीय भाषेचे छापील असे पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते. पुढच्या शिकाऊ पाद्रींना निदान पुस्तक मिळाले. पण १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. शिकणाऱ्यांची ती परंपरा त्यानंतर ओसरत गेली.

आता सव्वाशे वर्षांची उडी घेऊन इंग्रजी अमलात येऊ. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालात, श्रीरामपूरला निघाले. त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित नागपूरचे. सभेतल्या नागपूरकरांनी मान ताठ करायला हरकत नाही. कॅरीने पंडितांचे ऋण मान्य केले आहे, हे त्याच्याबद्दल आदर वाढवणारे. पण श्रीरामपूरला मराठीत उतरलेले बायबल मुंबई-कोकणात नीट चालेना, ते नागपुरी वळणाचे वाटले. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकनांना कंपनी सरकार परत पाठवायला निघाले होते. हॉल राहिला, मराठी शिकला, गावोगाव हिंडला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या एका प्रवासात पटकीने गेला. शिकण्याची ही किंमत अनेकांनी दिली आहे.

१८२९ च्या फेब्रुवारीत आलेला जॉन विल्सन चोवीस वर्षांचा होता. त्याला आणि त्याची पत्नी मार्गारेट यांना मुंबईत ठेवले नाही. भाषा शिकण्यासाठी कोकणात बाणकोट-हर्णैला पाठवले. हे मला फार शहाणपणाचे वाटते. मुंबईत इंग्रजी बोलून भागले असते, बाणकोटला नाही. मोल्सवर्थचा कोश अजून दोन वर्षे लांब होता. वर्ष संपायच्या आत विल्सन मुंबईत येऊन मराठीत प्रवचन करू लागला. मार्गारेटही मराठी शिकली, मुंबईत तिने मुलींच्या शाळा काढल्या, आणि १८३५ साली ती वारली. विल्सनचे नाव कॉलेजवर आहे. मार्गारेटला आणि तिच्याकडे यायला धजलेल्या त्या पहिल्या मुलींना आपण विसरलो. तिच्याशी खरे मराठी त्याच बोलल्या असतील.

स्टीव्हन्सन याच मंडळीतला. कल्पसूत्राचे त्याचे भाषांतर मी वाचले आहे. जैनाला टोचेल असे त्यात पुष्कळ आहे, आणि हर्मान याकोबीने १८८४ मध्ये नवे भाषांतर दिल्यावर ते मागे पडले. पण मागधी ग्रंथ उलगडताना त्याच्याजवळ कोणी जाणता बसला असणारच. तो यती होता की पंडित? आपला ग्रंथ परधर्मीयाला समजावून सांगताना त्याच्या मनात काय चालले असेल? माझ्या मुलाने मला हा प्रश्न केला तेव्हा मी म्हटले, कदाचित एवढेच, की हा निदान नीट समजून तरी घेईल.

मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशामागे शास्त्रीमंडळींचे काम होते, आणि त्यांची नावे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेली आहेत. ब्रागाच्या वह्या सांगणाऱ्याला तेवढेही मिळाले नाही.

स्टीफन्सच्या त्या राहिलेल्या इच्छेचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनला मार्सडेन संग्रहात होती. ती १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट यांनी उजेडात आणली. अॅबट अमेरिकन मराठी मिशनमधले. ग्रंथ देवनागरीत छापून निघाला तो पुण्याला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली, १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राजधानी भोपाळला आली, आणि इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे वडील नागपूरहून सचिवालयाच्या फायली घेऊन या गावी उतरले व चाळिशीत नव्याने हिंदी शिकू लागले.