गुरू ग्रहाला ‘गॅस जायंट’ का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

गुरू आणि शनी या महाकाय ग्रहांना ‘गॅस जायंट’ म्हटलं जातं. हा शब्द एखाद्या खगोलशास्त्रज्ञाने नाही, तर अमेरिकन विज्ञानकथा लेखक जेम्स ब्लिश यांनी १९५२ मध्ये वापरात आणला.

पण या नावामुळे हे ग्रह म्हणजे गॅसने भरलेले फुगे आहेत, असा गैरसमज होतो. त्यांच्यात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम असतं. मात्र खोलवर दाब इतका वाढतो की हायड्रोजन द्रवरूप होतो आणि धातूसारखी वीज वाहून नेतो. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र त्यातूनच तयार होतं.

युरेनस आणि नेपच्यूनही आधी याच गटात होते. त्यांच्यात पाणी, अमोनिया, मिथेनचं प्रमाण जास्त असल्यामुळे आता त्यांना ‘आइस जायंट’ म्हणतात.