आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल आणि हृदयविकार

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की दोष बहुधा तेला-तुपाला दिला जातो. काही कुटुंबांत मात्र ही वाढ जन्मापासूनच असते आणि तिचे मूळ जनुकांत असते. 'फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया' हा विकार जगात सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकाला असतो. त्यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

यकृताच्या पेशींवरील ग्राही रेणू रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण पकडून आत ओढून घेतात. हे ग्राही घडविणाऱ्या, १९व्या गुणसूत्रावरील जनुकात दोष असला की कण रक्तातच फिरत राहतात आणि हृदयाच्या रोहिण्यांत साचू लागतात. अन्य काही जनुकांतील दोषांचाही परिणाम असाच होतो. ग्राहींचे हे कार्य उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे खरा घातक घटक म्हणजे काळ. चाळिशीत कोलेस्टेरॉल वाढलेल्याच्या रोहिण्यांवर तेव्हापासून भार पडतो. या रुग्णाच्या रोहिण्यांनी तोवर तो चाळीस वर्षे सोसलेला असतो. उपचार न झाल्यास सुमारे निम्म्या पुरुषांना पन्नाशीपर्यंत, तर सुमारे ३० टक्के स्त्रियांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो. रुग्ण सडपातळ, शाकाहारी, निर्व्यसनी असला तर शंकाही येत नाही.

आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोन्हीकडून सदोष जनुक आल्यास मात्र बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. महाराष्ट्रात आणि दक्षिण भारतात काही समाजांत मामेबहिणीशी विवाहाची रीत आहे; अशा घराण्यांत हा दोष असेल तर ही शक्यता वाढते.

प्रौढांमध्ये एलडीएल प्रति डेसिलिटर १९० मिलिग्रॅम किंवा अधिक असणे, टाचेमागची कंडरा जाड होणे, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढुरकी कडा दिसणे, ही लक्षणे तपासणीस पुरेशी आहेत. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी १८व्या वर्षी, आणि घराण्यात अकाली हृदयविकार असल्यास त्याआधीच करावी.

पथ्य आवश्यक असले तरी केवळ पथ्याने हे कोलेस्टेरॉल आटोक्यात येत नाही. स्टॅटिन हे मुख्य औषध; ते अपुरे पडल्यास एझेटिमाइब किंवा पीसीएसके९ प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने दिली जातात. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी स्टॅटिनबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे. एका रुग्णात निदान झाले की त्याचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी व्हायला हवी.