कोणत्या आवाजाला थांबायचं

खेड्यात वाहन आधी ऐकू येतं, मग दिसतं. बैलगाड्यांच्या काळात रात्री रस्त्यानं गाडी निघाली, की ओट्यावर पडलेला म्हातारा अंथरुणातूनच सांगायचा, "अमक्याची गाडी गेली. आसाला वंगण न्हाई." कुरकुर वंगणाची, खडखड सैल झालेल्या धावेची, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. पुढं विहिरींवर किर्लोस्करांची तेलावरची इंजिनं आली. त्या टुकटुकीत एक ठोका चुकला, तर दारं धरलेला गडी खोरं टाकून इंजिनाकडं धावायचा. मोटार आमच्या खटाव तालुक्यातल्या गावात फार उशिरा आली. पण तिचं दुखणं ओळखणारा कान तिच्याआधीच तयार होता.

ती मोटार म्हणजे जुनी फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट अकराशे बाहेर पडू लागली. त्या गोलमटोल पहिल्या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटलं. १९६४ साली नव्या अंगाची अकराशे डी आली आणि तीच पुढं १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरची दांडी स्टिअरिंगला. त्या काळी नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. १९८३च्या डिसेंबरात मारुती आली, शहरातल्या लोकांनी हळूहळू जुन्या फियाटी काढायला सुरुवात केली आणि त्या गाड्या खेड्यांच्या वाटेला लागल्या.

त्यांच्यासोबत माणसंही परतत होती. १९८२च्या जानेवारीत मुंबईत गिरण्यांचा संप झाला आणि साताऱ्या-सांगलीकडचे कितीतरी कामगार गावी आले. माझे चुलते आबा त्यांतलेच. संपानंतर काही वर्षं त्यांनी मुंबईत दुसऱ्याची टॅक्सी चालवली आणि गावी येताना एका गृहस्थाची वापरलेली फियाट घेऊन आले. गाव सांगेल त्या कामाला ती जायची. लग्नात नवरदेव, बाजाराला बायाबापड्या, आणि रात्री शेवटची एसटी निघून गेल्यावर कुणी अडलं-नडलं तर दवाखाना. म्हणून त्या गाडीचा आवाज हा एकट्या आबांचा प्रश्न नव्हता, साऱ्या गावाचा होता.

गाडी बघायचे ते आमचे मिस्त्री. विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस. त्यांच्याकडं पाने, जॅक आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे, डॉक्टर नळी लावतात तसे. पण त्याआधी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. आवाज गाडी उभी असताना येतो का? क्लच दाबला की बदलतो का? गार असताना येतो का तापल्यावर? उभ्या गाडीत आला, तर दोष इंजिनाच्या बाजूला. फक्त चालताना आला, तर चाकात नाही तर शाफ्टात. क्लच दाबल्यावर सुरू झाला, तर क्लचचं बेअरिंग. दाबल्यावर थांबला, तर गिअरबॉक्सचं. निम्मा शोध असा पान्याला हात न लावता व्हायचा.

बाकीचं कान सांगायचा. गाडी उचलताना आणि गिअर बदलताना खालून 'टक्क' झालं, की शाफ्टचा क्रॉस झिजलेला. वेगाबरोबर वाढत जाणारी घुंग चाकाच्या बेअरिंगची. वळणावर गाडीचा भार एका अंगाला गेला, की ती घुंग कमीजास्त होते आणि कोणत्या बाजूचं चाक ते कळतं. सुरू करताच 'कुईऽऽ' झालं, तर पंख्याचा पट्टा सैल. खड्ड्यात पुढून 'खट्' वाजलं, तर किंगपिनला ग्रीस नाही. आमचे रस्ते असे, की ही 'खट्' कधी पुरती गेलीच नाही. घाट चढताना इंजिनातून भांड्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर मिस्त्री आधी टाकीचं बूच काढून वास घ्यायचे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलेलं असलं, की असंच होतं.

काही दुखणी मुकी असत. उन्हाळ्यात वर्धनगडच्या घाटात गाडी अवचित बंद पडे. इंजिनाच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढायचाच थांबे. पंपावर ओलं फडकं टाकून झाडाखाली बिडी ओढेपर्यंत थांबायचं, हाच इलाज. गिअरची दांडी दोन गिअरांच्या मधे अडकली, तर बोनेट उघडून खालच्या कांड्या हातानं जागेवर आणायच्या. रेडिएटर बारीक झिरपायला लागला, तर पाण्यात मूठभर हळद; टाकी पाझरली, तर अंगाचा साबण घासून बसवायचा. प्लगला ठिणगी नीट येईना, तर पॉइंट घासून त्यांतली फट काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं लावायची. हे इलाज घरी पोचण्यापुरतेच, असं मिस्त्री प्रत्येक वेळी बजावत.

टॅपेटचा मात्र त्यांनी सगळ्यांनाच धडा दिला. इंजिन वरून टिकटिकायला लागलं, की आबा म्हणायचे, "मिस्त्री, हे आवळून गप करा." मिस्त्री ठरलेली फट ठेवून थोडी टिकटिक राहू द्यायचे. "आबा, वाजतंय तवर बरं हाय. पार आवळलं तर गप व्हईल, पर व्हॉल्व जळंल." फट अजिबात उरली नाही, की व्हॉल्व पुरता बसत नाही, बसला नाही तर त्याची उष्णता बाहेर जात नाही, आणि तो जळतो. गप्प बसलेलं सगळंच निरोगी नसतं, हे आम्हाला असं एका जुन्या इंजिनानं शिकवलं.

आणि एक आवाज असा, की ज्याला थांबायचंच. आबांच्या धाकट्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. पावसाळ्याचे दिवस, साताऱ्याला न्यायचं ठरलेलं. आबांनी गाडी काढली, तर इंजिनाच्या पोटातून जड 'धब् धब्' येत होतं. मिस्त्री शेजारच्याच आळीत राहायचे, ते आवाज ऐकूनच आले. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी त्यांनी एकेक करून काढल्या. तिसऱ्या सिलिंडरची वायर निघताच ठोका मऊ पडला. ऑइलचा लाल दिवा मिणमिणत होता.

"बिगेंड गेलंय. ही गाडी जाणार न्हाई."

आबा चवताळले. "आवं, पोरगी तळमळतीया! तीस मैल तर जायाचं."

"घाटात इंजिन धरलं, तर मधीच रानात बाळंत हुईल ती. ट्रॅक्टर काढा. पुसेगावास्नं जीप मिळंल."

घरातल्या बायकासुद्धा मिस्त्रींवर रागावल्या. चालणारी गाडी दारात उभी आणि हा माणूस नको म्हणतोय! पण किल्ली त्यांनी आपल्या खिशात टाकली होती. ट्रॉलीत कडबा पसरून त्यावर गोधड्या घातल्या, वर ताडपत्री धरली. पुसेगावला जीप मिळाली आणि उजाडायच्या आत सून साताऱ्यात पोचली. मुलगी झाली, आज तीच गावच्या शाळेत शिकवते. चार दिवसांनी मिस्त्रींनी गाडीचं चेंबर खोललं. बेअरिंगच्या पत्र्याचा कीस तेलात चमकत होता. आबांनी तो चिमटीत घेऊन बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता मिस्त्रींना चहा सांगितला.

चाकाची घुंग घेऊन हेच मिस्त्री पूर्वी म्हणाले होते, "चाळीसच्या म्होरं न्हेऊ नका, सातारपतूर जाईल." आणि गाडी गेलीही होती. जुनी गाडी वापरणाऱ्याला रोज हाच निवाडा करावा लागतो. सगळ्याच आवाजांना भिऊन चालत नाही, तेवढा पैसा खेड्यात कुणाकडंच नसतो. सगळेच आवाज अंगवळणी पाडूनही चालत नाही. कोणतं दुखणं पुढच्या सुगीपर्यंत थांबेल आणि कोणतं आजच्या रात्रीपुरतंही थांबणार नाही, एवढं सांगणारा एक माणूस गावात असला, म्हणजे मोडकी गाडीही उपयोगी पडे.

नवं शतक लागता लागता पद्मिनी निघायची बंद झाली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही वयोमर्यादेमुळं रस्त्यावरून गेली. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं आता हमरस्त्यावर गॅरेज टाकलंय. तिथं गाडीला वायर जोडली, की पडद्यावर दोषाचा आकडा उमटतो. पण झिजलेला क्रॉस किंवा घुंगणारं बेअरिंग त्या पडद्यावर सहसा येत नाही. तिथं त्या पोरालाही मिस्त्रींचे तीन प्रश्नच विचारावे लागतात.

गावात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की अजूनही मिस्त्रींना सोबत नेतात. गार इंजिन जे बोलतं, ते तापल्यावर लपतं. म्हणून विकणारा काही वेळा गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणतो. मिस्त्री काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवतात. गरम लागलं, तर तिथंच सावलीला बैठक मारतात आणि मालकाला म्हणतात, "च्या सांगा. गाडी गार होऊ द्या."