मत्स्यालयातील फिल्टर आणि लहान जीव
फिल्टरच्या ओढीत सापडून नवजात गप्पी आणि चेरी कोळंबीची पिल्ले हकनाक मरतात. कोळंबीचे पिल्लू जेमतेम 2 मिमी असते. शोषनळीच्या खाचा सहसा त्याहून रुंद. म्हणून नळीच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज घट्ट बसवतात, किंवा हवापंपावर चालणारा स्पंज फिल्टरच लावतात. दुसरा उपाय निश्चितच सरस: ओढ सौम्य राहते आणि स्पंजावर धरलेला जैविक थर पिल्ले दिवसभर खुडून खातात. स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने उपयुक्त जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळावा. पिंपरी-चिंचवडमधील चिखलीसारख्या भागांत महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात आणि वीज बंद राहते. त्या दिवसासाठी बॅटरीवरचा हवापंप हाताशी असावा. स्पंजातले जिवाणूही प्राणवायूवरच जगतात.