मधला माणूस : अडत्या की व्यापारी?

काळेवाडीत राहून पिंपरीस, भोसरीस वा चाकणला कामास जाणाऱ्या माणसाला ‘कुठे आहेस?’ असे विचारले, तर तो कारखान्याचे नाव सांगतो. ‘पगार कोण देतो?’ असे विचारले, तर पुष्कळदा दुसरेच नाव सांगतो. ह्या दोन नावांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, त्याच्या इतिहासाविषयी आज आम्हांला चार शब्द सांगावयाचे आहेत. उदाहरण मात्र घेणार आहोत ते चित्रपटव्यवसायाचे. श्रोत्यांना हे विचित्र वाटेल. परंतु ज्या धंद्यात माणसाचा चेहरा, आवाज आणि वय हाच माल असतो, तेथे मध्यस्थाचे खरे स्वरूप जितके उघडे पडते, तितके ते यंत्रांच्या गोंगाटात पडत नाही.

आरंभी हा मधला माणूस आपल्याकडे नव्हताच. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढावयास घेतला, तेव्हा नट मिळविण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात दरमहा १० रुपयांवर काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना १५ रुपये कबूल करून त्यांनी राणीचे लुगडे नेसविले, अशी हकीकत आहे. सिनेमाचे काम तेव्हा कमी प्रतीचे समजत. म्हणून आपण ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे घरी सांगावे, असा सल्ला दादासाहेब आपल्या माणसांस देत, असेही सांगतात. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. लोकलज्जेस्तव काढलेला तो ‘फॅक्टरी’ शब्द पुढे अक्षरशः खरा ठरला.

तो खरा ठरविला स्टुडिओंनी. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३३ साली ती पुण्यास आली. नट, सुतार, रंगारी, कॅमेरावाले असे सर्वजण एका आवारात, महिन्याच्या पगारावर आणि कंपनीच्या शिस्तीत. ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ यांसारखी चित्रे ह्याच व्यवस्थेतून निघाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण पगार जसा कायम होता, तसा करारही घट्ट होता. ‘कुंकू’मधील नीरेची भूमिका १९३७ साली गाजविणाऱ्या शांता आपटे यांचा कंपनीशी कराराविषयी वाद झाला आणि जुलै १९३९ मध्ये त्या प्रभातच्या दरवाजाशी उपोषणास बसल्या. त्यांच्या बाजूने बोलावयास त्यांचे बंधू बाबुराव होते. संघटना नव्हती, वकिलांचा ताफा नव्हता, एजन्सी नव्हती. पुढल्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहिले आणि चंदेरी दुनियेकडे मजुरी करणाऱ्याच्या नजरेने पाहिले. कामगार चळवळीच्या ग्रंथसंग्रहात ह्या पुस्तकाला जागा असावी, असे आमचे मत आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत हीच लढाई चालू होती. तेथे नटनटींना सात वर्षांच्या कराराने बांधीत. दिलेली भूमिका नाकारली की बिनपगारी बसवीत, आणि ते बसलेले दिवस कराराच्या मुदतीत भर म्हणून घालीत. ऑलिव्हिया डी हॅविलंड ह्या नटीने वॉर्नर कंपनीला कोर्टात खेचले. सात वर्षे म्हणजे कॅलेंडरवरची सात वर्षे, एक दिवस अधिक नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने डिसेंबर १९४४ मध्ये दिला. दार उघडले. आणि उघड्या दारात येऊन उभा राहिला तो मधला माणूस.

त्याचे नाव ल्यू वॉसरमन. ज्या वर्षी आपला हरिश्चंद्र पडद्यावर आला, त्याच १९१३ साली क्लीव्हलंड शहरी, रशियातून आलेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात तो जन्मला. शाळकरी वयात थिएटरात प्रेक्षकांना खुर्च्या दाखविण्याचे काम त्याने केले. कॉलेजची पायरी तो चढला नाही. १९३६ साली तो एम. सी. ए. ह्या एजन्सीत लागला. नृत्यगृहांना वाद्यवृंद पुरविण्यासाठी ज्यूल्स स्टाइन नावाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने १९२४ साली शिकागोत काढलेली ती पेढी. अवघ्या दहा वर्षांत, १९४६ साली, वॉसरमन तिचा अध्यक्ष झाला. धंदा सरळ होता : नटाला काम मिळवून द्यावयाचे आणि त्याच्या कमाईतून शेकडा १० घ्यावयाचे. २०१६ पर्यंत आपल्या मार्केट यार्डातला अडत्या शेतकऱ्याचा माल विकून त्याच्याकडून अडत घेई, तसेच हे.

अडत्या हुशार असला तर शेतकऱ्याचे भले होते, हेही खरे आहे. ‘विंचेस्टर ७३’ ह्या १९५० सालच्या चित्रपटासाठी जेम्स स्ट्युअर्टचे रोख मानधन युनिव्हर्सल कंपनीला परवडेना, तेव्हा वॉसरमनने तोड काढली : मानधन राहू द्या, नफ्यात वाटा द्या. चित्रपट चालला आणि नटाला नेहमीच्या मानधनापेक्षा कितीतरी अधिक मिळाले. काल पगारी नोकर असलेला नट आज भागीदार झाला. मालकाच्या वहीत डोकावण्याचा हक्क मागणे ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे.

तथापि खरी गोष्ट येथून पुढे आहे. टेलिव्हिजन आला होता आणि एम. सी. ए.ला स्वतःच कार्यक्रम काढावयाचे होते. नटांच्या युनियनचा, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा, नियम आड येत होता : जो नटाचा एजंट, त्याने निर्माता होऊ नये. १९५२ साली गिल्डने एम. सी. ए.ला ह्या नियमातून व्यापक सूट दिली. गिल्डचे अध्यक्ष होते रोनाल्ड रीगन, जे पुढे १९८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. आणि त्यांचे स्वतःचे काम पाहणारी एजन्सीही एम. सी. ए.च होती! काम हॉलिवुडात राहील, नटांना रोजगार मिळेल, अशी बाजू मांडली गेली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण परिणाम काय झाला? अडत्याच व्यापारी झाला. नटाच्या वतीने भाव वाढवून मागणारा तोच आणि निर्माता म्हणून भाव पाडून घेणारा तोच. १९५८ साली एम. सी. ए.ने युनिव्हर्सलचे आवार विकत घेतले, १९६२ साली ती कंपनीच ताब्यात घेतली. त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या न्यायखात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याचा बडगा उगारला आणि सांगितले, दोहोंपैकी एक काय ते ठेवा. वॉसरमनने काय ठेवले? त्याने एजन्सी सोडली आणि मालकी ठेवली. २००२ साली तो वारला.

आम्ही ह्या माणसाला दुष्ट ठरवीत नाही. त्याची बुद्धी मोठी होती. परंतु तिचा लाभ कोणाला झाला, हे पाहिले पाहिजे. नफ्यात वाटा मिळाला तो नामांकितांना. दोन वाक्ये बोलणाऱ्यांना निवृत्तिवेतन आणि आजारपणाची सोय मिळाली ती कोणा एजंटाकडून नव्हे, तर १९६० सालच्या संपातून. आणि त्या संपाचे पुढारीपण पुन्हा त्याच रीगन यांच्याकडे होते! त्या तडजोडीत १९६० पूर्वीच्या चित्रपटांवरचा हक्क सोडावा लागला, म्हणून कित्येक जुने नट कष्टी झाले. संपात सगळेच मिळते असे नाही; पण जे मिळते ते सर्वांना मिळते.

हा रोग एकदा औषध देऊन बरा होत नाही, हेही इतिहास सांगतो. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील ७,००० हून अधिक पटकथालेखकांनी आपापल्या एजंटांना एकाच वेळी रजा दिली. कारण तेच : एजन्सी लेखकाऐवजी निर्मात्याकडूनच पैसे घेऊ लागल्या होत्या. युनियन एकजुटीने उभी राहिली, तेव्हा ती प्रथा २०२२ पर्यंत बंद करण्याचे एजन्सींना कबूल करावे लागले.

आता पुन्हा आपल्या अंगणात येऊ. मुंबईच्या गिरणीत जॉबर होता. तो भरती करी, काम देई आणि दस्तुरी घेई. गावाकडून आलेल्या माणसाला तोच आधार आणि तोच फास. १९३५ साली बदली कामगारांची नोंदपद्धती आली, ती त्याचा हात आखडण्यासाठी. पुढे कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने भरावे, असे त्यात आले. नावे बदलली : जॉबर, मुकादम, ठेकेदार, एजन्सी. प्रश्न मात्र बदलला नाही.

मध्यस्थ नसावाच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शांता आपट्यांना एखादा खंबीर मध्यस्थ लाभता, तर दरवाजाशी उपाशी बसण्याची पाळी त्यांच्यावर कदाचित येती ना. पण जो आपल्या वतीने बोलतो असे म्हणतो, त्याला एक साधा प्रश्न विचारण्याचा हक्क नटालाही आहे आणि फिटरलाही : बाबा रे, तुझे पोट कोणाच्या पैशावर भरते? हा प्रश्न एकट्याने विचारला तर दुसऱ्या दिवशी काम जाते. सर्वांनी मिळून विचारला तर उत्तर द्यावे लागते. आणि हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यालाही विचारावा. १९५२ सालच्या गिल्डच्या सभासदांनी तो वेळेवर आणि मोठ्याने विचारला असता, तर १९६२ साली सरकारला मध्ये पडावे लागले नसते.